नवमीचं दहावं काडतूस

"मॅडम, बंदूक रिकामी आहे असं घरात सगळे म्हणतात. पण ती भिंतीवरून कुणी खाली काढतच नाही. मग रिकामी आहे हे कळलं कसं कुणाला?"

मी हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. तीस वर्षांत मला हा प्रश्न इतका सरळ कुणी विचारला नव्हता.

फोन दुकानाच्या नंबरवर आला होता. मुलीनं सुरुवात इंग्रजीत केली, मी नाव सांगितल्यावर "अय्या, तुम्ही मराठी?" म्हणत ती घरच्या भाषेवर आली. नाव वैष्णवी. माहेर कोल्हापूर, लग्न गेल्या वर्षीचं, नवरा इथला चेन्नईचाच, दोघं आयटीत, वेलचेरीला फ्लॅट. आठवा महिना चालू होता. बाळंतपणाआधीच्या क्लासमध्ये तिला एक यादी दिली होती, बाळ घरी येण्याआधी काय काय तपासायचं त्याची. गॅस, प्लगचे पॉइंट, बाल्कनीचं ग्रिल, औषधांचं कपाट. तिनं सगळ्यावर टिक केलं आणि खाली स्वतःच्या अक्षरात एक ओळ वाढवली: सासऱ्यांची बंदूक. क्लासची नर्स ती ओळ वाचून म्हणाली, "अम्मा, हे आमच्या सिलॅबसमध्ये नाही."

आमच्या सिलॅबसमध्ये होतं.

मी प्रभा देशमाने. मूळची भुसावळकडची. संरक्षण खात्याच्या कारखान्यात लहान हत्यारांच्या इन्स्पेक्शनला माझी नोकरी झाली. लहान हत्यारं म्हणजे माणूस हातानं उचलू शकतो ती, रायफल, पिस्तूल वगैरे. तयार झालेला माल आमच्या टेबलावर यायचा आणि आम्ही तो पास किंवा रिजेक्ट करायचो. बायका फार नव्हत्या त्या सेक्शनला. माझा रिजेक्शनचा शिक्का सढळ होता, त्यामुळे प्रॉडक्शनवाले मला पाठीमागे काय म्हणत ते इथे लिहिण्यासारखं नाही. मिस्टर रेल्वेत, त्यांची शेवटची बदली चेन्नईला झाली, मग इथेच राहिलो. निवृत्तीनंतर मी नुंगंबाक्कमच्या एका गल्लीतल्या बंदुकांच्या दुकानात आठवड्यातून तीन दिवस जाते. दुरुस्ती, तपासणी, कागदपत्रं. मालक सेल्वम सार. माणूस चांगला, पण दुकानाबाहेर पाऊल टाकायचं म्हटलं की त्यांना शंभर कायदे आठवतात.

"नो होम सर्व्हिस," ते कॅल्क्युलेटरवरून मान वर न करता म्हणाले. "प्रभा मॅडम, आपण काय फॅन दुरुस्त करणारे आहोत? लायसन्स ज्याच्या नावावर, तो बंदूक घेऊन दुकानात येईल. तसाच कायदा आहे."

"कायदा मला माहीत आहे सार. पण तो माणूस बंदूक भिंतीवरून काढायलाच तयार नाही."

"मग नको काढू दे. आयुध पूजा तीन दिवसांवर आलीये. क्लीनिंगला आलेल्या अकरा बंदुका पडल्यात तुमच्या टेबलावर."

"त्या अकरा बंदुकांखाली कुणी बाळाचा पाळणा टांगणार नाहीये."

आता त्यांनी मान वर केली. त्यांना स्वतःला दोन नाती आहेत. "जा," ते म्हणाले. "पण बंदूक उचलून आणायची नाही. लायसन्सवाल्याशिवाय हात लावायचा नाही. आणि परत येऊन अकराच्या अकरा."

मी टूलबॉक्स घेतला आणि निघाले.

फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. दार वैष्णवीनंच उघडलं. एका हातानं कंबर धरलेली, चेहरा ओढलेला. मागे तिचा नवरा कार्तिक, लॅपटॉप काखेत, कानात इअरफोन, एका मीटिंगमधून दुसऱ्या मीटिंगमध्ये चाललेला. तो माझ्याशी अर्धं इंग्रजी, अर्धं तमिळ बोलला. मराठी त्याला कळतं, पण बोलताना लाजतो.

आणि हॉलमध्ये, खुर्चीत ताठ बसलेले त्याचे वडील. सखारामराव. घरात सगळे त्यांना अप्पा म्हणतात. पांढरी वेष्टी, म्हणजे इकडचं धोतर, कपाळावर गंध, वय अठ्ठ्याहत्तर. घराणं तंजावरचं, पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहिलेल्या मराठ्यांचं. त्यांची मराठी ऐकून मला आमच्याकडच्या जुन्या पोथ्या आठवल्या. "यावें, बाई," ते म्हणाले. "बसा. कॉफी घेतल्यावांचून काही बोलूं नये."

बसले. कॉफी आली. डबरा-टंबलरमधली, म्हणजे इकडच्या वाटी-पेल्यातली, फेसाळ, झकास. आणि माझ्या डोक्याच्या वर ती होती.

बारा बोअरची दुनळी. बारा बोअर म्हणजे जाड नळीची, छऱ्यांच्या काडतुसाची बंदूक, शेतावर रानडुकरं हाकलायला लोक ठेवतात ती. दोन लाकडी खुंट्यांवर आडवी टांगलेली. नळ्यांवर गंध-कुंकवाचे सुकलेले पट्टे, दस्त्याला वाळून कोळसा झालेली फुलांची माळ. छताला दोन जाड कड्या होत्या, एकेकाळी झोपाळा होता म्हणे. त्यातल्याच एका कडीला साडीची झोळी बांधायची ठरली होती. इकडे बाळाला साडीच्या झोळीतच झोपवतात.

"बंदूक वडिलांची," अप्पा म्हणाले. "त्यांच्यामागून लायसन्स मज नावें जाहलं. सगळं रीतसर आहे."

त्यांनी लायसन्सचं पुस्तक काढून दाखवलं. खरंच रीतसर होतं. नूतनीकरण वेळच्या वेळी, शिक्के जागच्या जागी. या माणसात बेफिकिरीचा अंशही नव्हता, हे मी आधीच सांगून ठेवते. त्यांच्या वेष्टीची घडीसुद्धा पट्टीनं आखल्यासारखी होती.

"अप्पा, एकदा खाली काढून बघू या का? दोन मिनिटांचं काम आहे."

"इल्लै." हा नकार मात्र तमिळमध्ये आला, आणि पक्का आला. "नवमीस चढविलेलं शस्त्र पुढल्या नवमीपावेतों उतरवूं नये. आमच्या घरची रीत. तीन दिवसांनी मीच उतरवीन, तेव्हां या. जेवायलाच या."

वैष्णवीनं माझ्याकडे पाहिलं. "ताई, मला त्यांचं मन दुखवायचं नाही हो," ती हळूच म्हणाली. "डोहाळे लागले तर हा माणूस भर उन्हात माझ्यासाठी चिंचा शोधत फिरला. पण रात्री मी कूस बदलते ना, तेव्हा प्रत्येक वेळी डोळ्यासमोर ती बंदूक येते."

असं असेल तर भांडून काही होणार नव्हतं. आमच्या भुसावळला म्हणतात, अडला हरी गाढवाचे पाय धरी. इथे गाढव कुणीच नव्हतं, पण धोरण तेच. मी रिपोर्ट लिहिण्याचं पॅड काढलं आणि नुसतं विचारलं, "बरं, नाही काढत. मला रीत तर सांगा. नवमीला नेमकं काय करता?"

आता अप्पा खुलले. खंडेनवमी म्हणजे शस्त्रपूजेचा दिवस, इकडे त्यालाच आयुध पूजा म्हणतात. रिक्षापासून लेथ मशीनपर्यंत सगळ्यांना त्या दिवशी गंध लागतं. अप्पा रंगात येऊन सांगू लागले. पहाटे स्नान. बंदूक उतरवून पाटावर. तेलाचं बोट. गंध, कुंकू, माळ. मग त्यांनी आवाज खाली आणला, मला विश्वासात घेतल्यासारखा.

"आणि एक काडतूस आंत घालावयाचं."

माझं पेन थांबलं. "काय घालायचं?"

"काडतूस. रितं शस्त्र पूजूं नये, बाई. रित्या ताटास आपण नमस्कार करतों काय? भरल्या शस्त्राचीच पूजा. आरती जाहली की काडतूस काढून डब्यांत, आणि शस्त्र भिंतीवर. आजोबा करीत, वडील करीत, मी करतों."

देवा रे देवा. मी आयुष्यात हत्यारांची सतरा प्रकारची मूर्ख हाताळणी पाहिली आहे. दारू पिऊन, पैजेखातर, सेल्फीसाठी. पण इतक्या भक्तिभावानं बंदूक भरणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. ओरडावंसं वाटलं. ओरडले नाही. इन्स्पेक्शनमध्ये एक शिकलेलं असतं, समोरचा बोलता झाला की आपलं तोंड बंद ठेवायचं.

"काडतुसं किती आहेत तुमच्याकडे?"

"दहा. तंजावरास घेतलेलीं. एकही उडविलं नाही."

"बघू?"

देवघराच्या खालच्या कप्प्यातून पत्र्याचा डबा आला. कुलूप नाही, काही नाही. वर अगरबत्त्यांची पुडकी. हे मी पॅडवर लिहून घेतलं. काडतुसं जुन्या पद्धतीची होती, पुठ्ठ्याच्या नळीची आणि पितळी बुडाची. आता प्लॅस्टिकची येतात. पुठ्ठा दमट हवेत फुगतो, आणि चेन्नईची हवा म्हणजे काय सांगावं, इथे मिठाच्या बरणीत चमचा उभा राहतो. जुनं काडतूस मेलेलं असतं असा लोकांचा समज आहे. मी चाळीस वर्षं जुनी काडतुसं धडाधड वाजलेली पाहिली आहेत.

मी ती टीपॉयवर एका ओळीत उभी केली. मोजली. परत मोजली.

"अप्पा, नऊ आहेत."

"दहा."

"तुम्ही मोजा."

त्यांनी बोट लावून मोजली. दोनदा. मग डब्यात हात घालून चाचपलं, अगरबत्त्या बाहेर काढल्या, डबा उलटा केला. "पडलं असेल कोठें," ते पुटपुटले. कार्तिकनं आता इअरफोन काढला होता. तो देवघराखाली वाकून मोबाइलचा टॉर्च मारायला लागला.

"उठ रे बाबा," मी म्हटलं. "तिथे नाहीये ते." आणि अप्पांकडे वळले. "गेल्या नवमीला किती काडतुसं घातली होतीत?"

"एक. दरवर्षी एकच. उजव्या नळींत."

"गेल्या नवमीला, अप्पा. नीट आठवून सांगा. वैष्णवीचा या घरातला पहिला दसरा होता ना?"

हे मी का विचारलं, मला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं. एवढंच वाटलं की दरवर्षी एकच गोष्ट तशीच करणारा माणूस चुकतो तो वेगळ्या दिवशी. आमच्याकडे असेंब्ली लाइनवर चुकीचा माल कधी निघायचा? सणाच्या दिवशी, लग्नाच्या दिवशी, साहेब भेटीला आले त्या दिवशी.

अप्पांनी टीपॉयवरची दोन काडतुसं शेजारी शेजारी ठेवली.

"दोन," ते म्हणाले. "सून घरीं आली होती. लक्ष्मी. म्हटलं, यंदा जोडीनें पूजा. दोन्ही नळ्यांत एक एक घातलं. दोहोंस कुंकू लाविलं."

"आणि आरतीनंतर काढलीत किती?"

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली आणि मी जागच्या जागी दचकले.

"दोन्ही काढलीं असतील," अप्पा म्हणाले.

"असतील?"

"डोळ्यांत मोतीबिंदू होता तेव्हां. ऑपरेशन मागून जाहलं. पण हातास सवय आहे, बाई. हात चुकत नाही."

"हाताला सवय एक काढायची आहे, अप्पा."

आता खरं सांगते. तीस वर्षं इन्स्पेक्शन केलेली मी, त्या बंदुकीखाली बसून निवांत कॉफी प्याले होते. आल्या आल्या पहिलं काम नळी बघायचं असतं, हे मी नवीन पोरांना घोकून घेत असे. आणि इथे फेसाळ कॉफी बघून विरघळले.

तरी अप्पा उठेनात. "तीन दिवस," ते म्हणाले. "तीनच दिवस राहिले. रीत मोडली तर, घरांत गरोदर सून, काही विपरीत घडलं तर मी कोणास तोंड दाखवूं?" हट्ट नव्हता तो. ते खरंच घाबरलेले होते. मीही घाबरलेली होते.

"अप्पा, बंदूक कुणी शिकवली तुम्हाला?"

"वडिलांनीं."

"पहिला धडा काय दिला?"

उत्तर मला माहीतच होतं. जगात जिथे कुणी बंदूक नीट शिकवतो, तिथे पहिला धडा एकच असतो. अप्पा शाळकरी मुलासारखे म्हणाले, "भरली असो, रिती असो, नळी माणसाकडे करूं नये."

"मग आत्ता नळी कुणाकडे आहे, बघा."

त्यांनी वर बघितलं. बंदुकीच्या नळीच्या रेषेत त्यांची नजर हळूहळू पुढे गेली. भिंतीच्या टोकाला बेडरूमचं दार. दार उघडं. आणि दाराच्या चौकटीला टेकून, पोटावर हात ठेवून, वैष्णवी उभी.

"अय्यो," अप्पा म्हणाले. एवढंच. ते उठले आणि मधे जाऊन उभे राहिले, नळी आणि सून यांच्या मधोमध, दोन्ही हात पसरून. वर्षभर तशीच टांगलेली बंदूक त्याच क्षणी उडणार असल्यासारखे. मला हसू येत होतं आणि डोळेही भरून आले होते. दोन्ही एकदम.

"कण्णा, पोरी, बाजूस हो," ते तिला म्हणाले. मग मला, "बाई, सांगा काय करूं. मी करतों."

मग मात्र मी कुणाचं ऐकलं नाही.

"कार्तिक, हिला घेऊन खाली जा. बिल्डिंगच्या पलीकडच्या बाजूला. मी फोन करेपर्यंत वर यायचं नाही."

"मॅडम, माझा कॉल आहे एक..."

"बॉसला सांग, घरात भरलेली बंदूक सापडलीये. रजा मिळेल."

"ताई, अप्पा?" वैष्णवी दारातून म्हणाली.

"अप्पा माझ्याबरोबर. लायसन्स त्यांचं आहे. आणि त्यांना काही झालं तर सेल्वम सार मला सोडणार नाहीत. जा."

ते गेल्यावर मी आधी दिशा ठरवली. फ्लॅटमध्ये ही मोठी पंचाईत असते. खाली शेजारी, वर शेजारी, भिंती चार-चार इंचाच्या. नळी धरायची कुठे? हॉलच्या बाहेरच्या कोपऱ्यात काँक्रीटचा जाड पिलर होता. बाल्कनीतल्या मातीनं भरलेल्या चार मोठ्या कुंड्या मी त्याच्यासमोर ओढून आणल्या. तुळस तेवढी बाजूला ठेवली, अप्पांचा जीव कशाला आणखी टांगणीला लावा.

मग अप्पांना सांगितलं, स्टुलावर नाही, जमिनीवर उभं राहूनच हात पोचतोय ना, मग दस्त्याकडून धरा. चापाजवळ बोट न्यायचं नाही. माझं बोट दाखवेल तशी नळी आधी छताच्या कोपऱ्याकडे, तिथून कुंड्यांकडे. हळू. त्यांनी मान हलवली, देवाचं नाव घेतलं, आणि बंदूक उतरवली. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे हात, पण सांगितलं तस्सं केलं. नळी एकदाही भरकटली नाही. वडिलांचा धडा हातात होता, नव्हता तो फक्त भिंतीवर. मी दस्ता ताब्यात घेतला आणि त्यांना माझ्या मागे उभं केलं.

ही दुनळी मधोमध मोडते. वरची कळ ढकलली की नळ्या खाली झुकतात आणि मागचं तोंड उघडतं, तिथून काडतूस घालतात. हिचे घोडे आत असतात, बाहेरून दिसत नाहीत. घोडा म्हणजे काडतुसावर आपटणारा तुकडा. बंदूक एकदा मोडून मिटली की आतले घोडे ताणून बसतात. म्हणजे गेल्या नवमीपासून या बंदुकीचे घोडे ताणलेले होते, आणि मधे होती ती फक्त चाप अडवणारी सेफ्टी. पण एक चांगलं असतं. नळी थोडी जरी मोडली तरी घोडा काडतुसापर्यंत पोचत नाही. मला तेवढी फट हवी होती.

कळ हलेना. गंध, कुंकू आणि तेल यांचा वर्षभराचा गोंद झालेला. मी तेलाचा थेंब सोडला, थांबले, परत ढकलली. नळ्या किंचित झुकल्या. आणि अडकल्या.

रिकामी बंदूक अशी अडकत नाही.

टॉर्च मारला. फटीतून दिसलं, उजव्या नळीचं तोंड रिकामं. डाव्या नळीत हिरवट पितळ.

"आहे?" अप्पांनी मागून विचारलं.

"आहे."

मी म्हटलं, "अप्पा, आता काळजी नाही. मोडली आहे. आता ती उडू शकत नाही. बसा खाली, पाणी प्या." आणि मीही तिथेच जमिनीवर फतकल मारून बसले. हे कारखान्यात कुणाला कळलं असतं तर माझ्या शिक्क्याचा धाक संपला असता.

पुठ्ठा फुगून काडतूस नळीत घट्ट बसलं होतं. घाई करून उपयोग नव्हता. तेल सोडायचं आणि वाट बघायची. परत तेल, परत वाट. नेमकं काय केलं ते मी मुद्दाम लिहीत नाही, कारण कुणीतरी वाचून घरी करून बघेल. ज्याच्या घरी असं असेल त्यानं लायसन्स असलेल्या बंदुकांच्या दुकानात फोन करावा. अर्ध्या तासानं नळ्या पूर्ण झुकल्या, आणि माझ्या चिमट्यात ते अलगद बाहेर आलं. दहावं.

पितळी बुडावर, बरोबर मधे, कुंकवाचा ठिपका होता.

मी ते अप्पांच्या तळहातावर ठेवलं. ते पाहत राहिले आणि मग ढसाढसा रडले. "तिच्या मानाचं होतं, बाई," ते म्हणत होते. "तिच्याच मानाचं घातलं होतं. आणि तोंड तिच्याकडेंच करून ठेविलं मी."

मी कार्तिकला फोन लावला. "या वर. गंगेत घोडं न्हालं."

वैष्णवी आली ती सरळ अप्पांजवळ गेली. मी म्हटलं आता ही बोलणार, हक्क आहे तिचा. तिनं त्यांच्या हातातलं काडतूस बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "अप्पा, पुढच्या वेळी मानाचं काही द्यायचं असेल तर साडी द्या." कार्तिक फसकन हसला. मग अप्पाही हसले, रडता रडता. माझ्या जिवात जीव आला.

पण काम संपलं नव्हतं. अप्पांनी लायसन्स खिशात घातलं, बंदूक मोडलेल्या स्थितीतच कव्हरमध्ये घातली, काडतुसं वेगळ्या डब्यात, आणि कार्तिकच्या गाडीतून स्वतः घेऊन आमच्या दुकानात आले. मी सेल्वम सारांसमोर ती टेबलावर ठेवली आणि सेफ्टी तपासली. सेफ्टी लावून चाप ओढला की घोडा सुटता कामा नये. रिकामी नळी, सेफ्टी लावलेली, मी चाप ओढला. 'टक्' आवाज आला.

मोडून, मिटून परत ओढला. 'टक्'.

गंजून सेफ्टी नुसती नावाला उरली होती. सेल्वम सारांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी कॅल्क्युलेटर बाजूला सारला, जो ते सहसा सारत नाहीत. "मॅडम," ते म्हणाले, "त्या अकरा बंदुका राहू देत आज. कॉफी घ्या."

"कॉफी नको सार," मी म्हटलं. "आज कॉफीनं घात केला असता."

बंदूक आम्ही दुकानाच्या तिजोरीत जमा करून घेतली. लायसन्सवाल्याला तशी सोय असते. पावती मिळते, बंदूक त्याचीच राहते. काडतुसं नष्ट करायला दिली, रीतसर. अप्पांनी पावती घडी करून लायसन्सच्या पुस्तकात ठेवली आणि निघताना दारात थबकले. "नवमीस काय करूं, बाई? भिंत रिकामी राहील."

"इथे या," सेल्वम सारच म्हणाले. "आमच्या दुकानात आयुध पूजा असतेच."

आणि आले की! नवमीला सकाळी, नवी वेष्टी, हातात फुलांची परडी. दुकानात गर्दी. क्लबचे शूटर, शेतावरचे दोन-चार लोक, सेल्वम सारांच्या नाती. भटजी पुढे झाले तसे अप्पांनी त्यांना हातानं थांबवलं.

"थांबावें. आधीं सगळीं शस्त्रं उघडा."

लोक बघत राहिले. अप्पांनी आपली दुनळी मोडली, दोन्ही नळ्या दिव्यासमोर धरल्या आणि आरपार बघितलं. मग शेजारच्या शूटरला दाखवली. "तुम्हीही पाहा. एकाच्या डोळ्यावर विश्वासूं नये." तमिळमध्ये परत सांगितलं, सगळ्यांना कळावं म्हणून. एकेकानं आपापलं हत्यार उघडलं. बारा-तेरा हत्यारं तोंडं उघडून पाटावर पडली आणि मग गंध लागलं, तेही फक्त दस्त्यांना, कळीवर आणि नळ्यांवर नाही, कारण ते मी आधीच बजावलं होतं.

"पण अप्पा, रितं शस्त्र पूजू नये ना?" मी चिडवायला म्हटलं.

त्यांनी थोडा विचार केला. "रितं कोठें आहे? उघडं आहे. उघड्यांतून उजेड जातो." आणि मोठ्यानं शंख फुंकल्यासारखं हसले. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी पिढीजात रीत बदलणारा माणूस मी पाहिला. माझ्या नोकरीत मी तीस वर्षं शिक्के मारले, पण त्या सकाळइतकी मान वर करून मी कधी घरी गेले नाही.

दिवाळीनंतर वैष्णवीला मुलगी झाली. सुखरूप. पुढल्या महिन्यात बघायला गेले. हॉलमध्ये कडीला साडीची झोळी, आत मुठी आवळून झोपलेली बया. अप्पा शेजारी खुर्चीत, एका हातानं झोका देत. भिंतीवरच्या दोन खुंट्या तशाच होत्या. त्यांच्यावर आडवी काठी ठेवून चिमुकली झबली आणि लंगोट वाळत घातले होते.

"वेलचेरीच्या दमट हवेत वाळत नाहीत हो कुठेच," वैष्णवी म्हणाली. "इथे पंख्याचा वारा लागतो."

आमच्या दुकानाच्या दारावर आता सेल्वम सारांनी स्वतः एक पाटी लावली आहे, घरी येऊन तपासणी करू म्हणून. फोन येतात. बहुतेकांची सुरुवात एकच असते, "रिकामीच आहे, मॅडम." त्यातला कुणीही खोटं बोलत नसतो. अप्पाही बोलत नव्हते. म्हणून मी वाद घालत नाही. फक्त विचारते, "तुम्ही शेवटची उघडून कधी पाहिलीत?" पलीकडे जो गप्प होतो, त्याच्याकडे मी त्याच दिवशी जाते, आणि कॉफी नंतर घेते.